छपराचा हिशेब

अंदाजपत्रक मी दोनदा वाचलं.
दुसऱ्यांदाही आकडा तेवढाच निघाला:
एक लाख चाळीस हजार पौंड, परांचीचं भाडं वेगळं.
बाकांवर एकोणीस माणसं,
त्यांतली चार कानाने अधू,
त्यांना कागदच दाखवावा लागला.

कुणी हाय खाल्ली नाही.
एलुनेदने थर्मासचं झाकण घट्ट केलं.
मागून कुणीतरी पुटपुटलं,
आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे कुठे लावणार?
आणि वरून, वेळ साधून,
बादलीत एक थेंब.

मग प्रार्थना. इद्वाल नेहमीसारखा लांबला.
खाण बंद पडली तिथपासूनची
सगळी हकीकत त्याने देवाला ऐकवली,
पैशाचं तेवढं विसरला.

सोमवारी त्याचा ट्रॅक्टर चॅपलच्या दाराशी.
गवताच्या पेंढ्यांत रचलेली पाटीदगडाची कौलं,
तीनशे, जांभळट,
त्याच्या बापाने छिन्नीने फोडलेली,
कडांना अजून मेंढ्यांचा वास.
"गोठा उघडा पडला की रे," मी म्हटलं.
"मेंढ्यांना लोकर आहे," तो म्हणाला,
"गेनोर म्हातारीला नाही."

तीनशेंत पूर्वेचा एक कोपरा झाकला.
शेवटच्या कौलावर मी खडूने
उरलेली रक्कम लिहिली,
पोराला सांगितलं, अक्षरं वर ठेवून ठोक.
खजिनदाराने असं करू नये, ठाऊक आहे.

या रविवारी पाऊस होताच.
आम्ही बादली एक बाक
पश्चिमेकडे सरकवली
आणि गायला उभे राहिलो.