सातशे सत्त्याहत्तर

रिमोटवरचा सातचा आकडा
बाबांनी पुसून टाकलाय.
बाकीचे नऊ अजून कोरे करकरीत.

श्चेचिनच्या गोदीत एकतीस वर्षं
जहाजांच्या पोटात शिरून पत्रे ठोकले.
कान आधी किटले, मग मिटले.
पेन्शनच्या कागदावर त्याला लांबलचक शब्द आहे,
बाबा म्हणतात, शेवटची पगारवाढ.

संध्याकाळी सात, सात, सात दाबायचं
की पडद्याच्या तळाशी काळी पट्टी उघडते.
तिथे माणसं रंगाने बोलतात:
डॉक्टर पिवळा, त्याची बायको आकाशी,
जिचं कोणी ऐकत नाही ती सासू हिरवी.
बाकी सगळे पांढरे.

बातम्यांना पट्टी मागे पडते.
मंत्र्याचं तोंड कधीच मिटलेलं,
आश्वासनं अजून येतायत.
"यात पट्टीचा काय दोष," बाबा म्हणतात.

कधी नुसतंच, कंसात: संगीत.
"कसलं?"
मी हात हलवून दाखवते: आपला जुना फ्रिज
बंद पडण्याआधी थरथरतो, तसलं.
"म्हणजे कोणीतरी जाणार."
आणि जातं.

रविवारी परदेशी सिनेमा होता.
वरच्या मजल्यावरच्या विएस्लावाबाई
खसखशीचा केक घेऊन आल्या,
पाच मिनिटांत हसायला लागल्या:
आज वाचणाऱ्याला सर्दी झालीय.
"कोणाला?" बाबांनी ओठांवरून तेवढं टिपलं.

मी वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं.
की परदेशी सिनेमात आपल्याकडे
एकच पुरुष सगळ्यांचं वाचतो.
नवरीचं, खुन्याचं, सात वर्षांच्या पोराचं,
खाटेवर शेवटचं बोलणाऱ्या म्हातारीचं,
सगळं एकाच सपाट, खर्जातल्या आवाजात.
खऱ्यांचे आवाज त्याच्या खाली, पुसट,
शेजारच्या घरात भांडण चालावं तसे.

बाबांनी कागद दोनदा वाचला.
मग आम्हा दोघींकडे पाहिलं,
दवाखान्यात भेटायला आलेले पाहतात तसं.
"बाईचंसुद्धा?"
जिन्यापर्यंत ऐकू जाईल असा त्यांचा आवाज.
"आणि इतकी वर्षं तुम्ही
कोणी तक्रार नाही केलीत?"

आम्ही काय बोलणार.
त्यांनी खुर्ची सरकवून जागा करून दिली,
बोटाने एकेक रंग ओळखीचा करून दिला.
ही पिवळी. खोटं बोलतेय, ओठांची कड बघा.
हा आकाशी, याला सगळं माहीत आहे.
विएस्लावाबाईंनी चष्मा पुसला
आणि आवाज बंद केला. पूर्ण.

किती वेळ तसेच बसलो.
एकदा तिघंही एकदमच हसलो,
या घरात हे आठवत नाही इतक्या वर्षांत.

मग तोंडात केक असतानाच मी काहीतरी म्हणाले,
आणि बाबांनी पटकन माझ्या हनुवटीखाली पाहिलं,
टेबलाच्या कडेला, सवयीने.

तिथे काहीच उमटलं नव्हतं.
पांढऱ्या कापडावर थोडी खसखस सांडली होती.
इकडे ती काळी असते.