शेरा

सकाळी सातला मी धरणाच्या पायथ्याशी उतरतो.
दव इतकं, की पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.
तिथं नालीत एक पत्रा आडवा बसवलाय,
पत्र्याला मधोमध खाच, बैलाच्या कानाला असते तशी.
खाचेतून धरणाचं पाणी येतं.
पट्टीवर वाचतो: सहा.
वहीत लिहितो: सहा. पुढं रंगाचा रकाना: स्वच्छ.
एकोणीस वर्षं लिहितोय,
स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ,
मास्तरानं शिक्षा दिल्यासारखं.

नवा साहेब पहिल्यांदा आला तेव्हा दचकला.
भोये, धरण गळतंय!
म्हटलं, साहेब, माठ पाझरतो म्हणून तर पाणी गार.
मातीचं धरण पाझरणारच.
किती पाझरतं ते मोजायचं,
आणि बरोबर माती येते का ते बघायचं.
गढूळ दिसलं तर वही टाकून पाड्याकडं पळायचं,
फोन मागून.
साहेबानं हे शेवटचं लिहून घेतलं.

शनिवारी वर वेगळीच जत्रा.
सावळघाट चढून नाशिकच्या गाड्या येतात,
टपावर नारिंगी होड्या, उताण्या.
तंबू. दोरीवर वाळत घातलेले मोजे.
कुणीतरी सांडव्याच्या भिंतीवर पाय सोडून बसतं,
मी शिट्टी मारतो,
ते हात हलवतात.

होड्यांचं मला काही नाही, खरंच.
पहाटे धुक्यातून एखादी जाते
आणि वल्ह्याचा आवाज माणसाच्या आधी काठाला लागतो.
ती जिथं थांबते तिथं, चार पुरुष खाली, आमचं खळं आहे.
हे मी सांगत नाही.
सुट्टीवर आलेल्या माणसाला कशाला.

पण चुलीचे दगड.
पाण्याकडच्या उतारावर आम्ही दगड बसवलेत,
खेटून, लाटेनं माती खाऊ नये म्हणून.
पोरं त्यातले तीन उपटतात, चूल मांडतात,
कोंबडी शिजते, गाणी होतात, रविवारी गाड्या उतरतात.
तीन दगडांची जागा उघडी.
लाटेला तेवढी पुरते.

सोमवारी मी ते परत बसवतो,
काळी बाजू वर.
मुद्दाम.
एकदा मोजले: दोनशे सात.
म्हणजे एकोणसत्तर रात्री इथं लोक पोटभर जेवले.

मागच्या रविवारी एक पोरगी माझ्यामागं खाली उतरली,
मृण्मयी म्हणाली, गंगापूर रोडला राहते.
खाचेखाली बोट धरून बघितलं.
कधी गढूळ आलं होतं?

आलं होतं. एकदा.
रात्री साडेअकरा, हातात बॅटरी,
नालीत चहाच्या रंगाचं पाणी.
वही तिथंच पडली.
सगळा पाडा टेकडीवर नेला,
पोरं, कोंबड्या, जिवलीबाईला खाटेसकट,
थंडीत उजाडेपर्यंत.
उजाडल्यावर दिसलं,
नालीत, खाचेच्या वरच्या अंगाला,
गणपत पवाराची म्हैस बसलेली, रवंथ करत.

तेव्हापासून मला म्हैसवाला म्हणतात,
लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

ती हसली. हसण्यासारखंच आहे.
मग एकदम थांबली आणि वर बघितलं,
माझ्या डोक्यावर उभ्या त्या हिरव्या चढाकडं,
ज्याच्या मागं सगळं पाणी होतं.
पुन्हा गढूळ दिसलं तर?
म्हटलं, पळणार.
आधी म्हैस बघणार नाही?
नाही.

सोमवारी गेलो तर चुलीची राख होती, दगड नव्हते.
उतारावर सापडले, आपापल्या जागी म्हणावं असे,
काळी बाजू वर.
तिन्ही हलत होते.
काढले, खाली खडी भरली,
पुन्हा ठोकून बसवले.
वहीत शेरा म्हणून एक रुंद रकाना आहे,
एकोणीस वर्षं कोरा.
पेन धरून बराच वेळ उभा राहिलो.

सहा. स्वच्छ.