दरपत्रक

वडशात मालगाडी थांबते तेव्हा
माझ्या दुकानाचं शटर थरथरतं.
दुकान म्हणजे नऊ बाय सात,
सहारेंच्या सायकल-दुरुस्तीच्या पाठीला पाठ लावून.
निळा पडदा, पांढरा पडदा, एक स्टूल,
आणि टेबलावर जुना टॅबलेट, त्याच्या पेनाचं टोक
मी तिसऱ्यांदा फेविक्विकनं चिकटवलंय.

लोक विचारतात, नोकरी कुठं?
आई सांगते, "फोटोचं करते काहीतरी."
त्या काहीतरीत काय काय मावतं:
शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी दोन्ही कान दिसणारे फोटो,
घरकुलाचा पाया, घरकुलाची भिंत, घरकुलाचं छत,
दर हप्त्याला तेच कुटुंब, तसंच ताठ,
साक्षगंध, बारसं, तेरवी,
राइस मिलच्या पोत्यावरचा मोर,
आणि दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत
नाटक कंपन्यांची पोस्टरं.
"नायिकेच्या डोळ्यात पाणी टाका, मॅडम.
अजून. अजून थोडं."
मी टाकते. पाणी फुकट.
पैसे होळीनंतर.

पुण्याच्या एका प्रकाशकानं बालकथेची चित्रं मागितली.
मी मोहाचं झाड काढलं,
खाली पहाटे फुलं वेचणाऱ्या दोघी बहिणी.
उत्तर आलं: सुंदर! फक्त झाड बदलता येईल का?
मुलं ओळखणार नाहीत. आंबा चालेल.
मानधनाचं बघू पुढे, तुमचं नाव तर सगळीकडे पोचेल.
माझं नाव.
आमच्या पोस्टमनला अजून ते नीट वाचता येत नाही.
मी आंबा काढला.
एका फांदीला मात्र मोहाचीच पानं ठेवली.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

मार्चात आडकूबाबा बुरड आले,
बांबू चिरून चिरून बोटांवर आडव्या रेघा.
खिशातून आधार कार्ड काढलं. त्यांचं नव्हतं.
"हे चंद्रभागा. दुसरा फोटोच नाई कोनता."
कार्डावर एक बाई, दचकलेली,
नाव विचारायच्या आधीच कुणी दम दिल्यासारखी.
"अशी नोती ते. तू काढ. मी सांगतो."

सहा दिवस रोज अकराच्या सुमारास यायचे.
स्टुलावर बसून सांगायचे:
कपाळ एवढं मोठं नाई.
हासे तं ओठ मिटून, डाव्या अंगानं.
हनुवटीवर गोंदन, तीन ठिपके, मधला पुसट.
मी पुसत होते, काढत होते.
पाचव्या दिवशी चित्राकडं पाहिलं
आणि काहीच सांगितलं नाही.
उठून निळ्या पडद्यामागं गेले.
बराच वेळ सहारेंचा पंप तेवढा
फुसफुसत राहिला.

"किती झाले?"
"राहू द्या, बाबा."
तेव्हा चिडले. मला वाटलं चित्र फाडतात.
"काहून राहू दे? सा दिस काम नाई केलं का तू?
सूप इकताना मी कोनाले म्हनलो का राहू दे?
बांबू जंगलाचा असन, हात तं माजेच ना?
भाव सांग, पोरी. मंग मी भांडतो."

हजार, मी म्हटलं.
तो आकडा माझ्याच तोंडाला नवा होता.
भांडले ते, मन लावून, अर्धा तास.
आठशेवर तुटलं:
सहाशे रोख, उरलेल्याचं एक सूप,
काठाला दुहेरी वीण.

त्या रात्री एका पाठकोऱ्या फॉर्मवर
मी दर लिहायला बसले.
पोस्टर: निम्मे पैसे आगाऊ.
दुरुस्त्या दोन, तिसरीचे वेगळे.
नाव सगळीकडे पोचवणे: नको.
डोळ्यातलं पाणी:
इथं अडकले. 'फुकट' लिहिलं, खोडलं,
मग थेंबागणिक लिहिलं आणि एकटीच हसले.
पुण्याला आंब्याचं बिल पाठवलं.
मोहाच्या फांदीचं लावलं नाही, ती माझी.

उत्तर अजून नाही.
सूप भिंतीला असतं, गिऱ्हाइकं भाव विचारतात.
त्यात मी थकलेल्या बिलांच्या चिठ्ठ्या ठेवते
आणि दुकान रिकामं असलं की
एखाद्या दुपारी
पाखडून बघते.