रंकाळा गोठत नाही

हिंदूराव इंगवल्यांची नाव काही मोठी नाही.
बारा माणसं, काचेची खोली, दीड टनाचा एसी,
आणि कुशीवर पिवळ्या ऑइलपेंटात : मृणाल.
दिवाळी सरली की एसी कुणी मागत नाही.
काचा उघडा म्हणतात लोक,
मांडीवर भडंगाची पुडी, कानाला मफलर.

मला उद्यमनगरातून बोलावून घेतलं.
"दस्तगीर, थंडीसाठी बंद करायचाय. पद्धतशीर."
खिशातून कागद काढला, चार घड्यांचा.
पोरीनं फोनवर सांगितलेलं, यांनी उतरून घेतलेलं,
अक्षर काटापावतीवरचं असावं तसं, घाईचं.

तिच्या गावाला म्हणे तळं थिजतं,
माणसं त्यावरनं मोटारी नेतात.
नळीत पाणी राहिलं तर तांबं उलतं,
म्हणून गुलाबी औषध ओततात,
दुसऱ्या तोंडातून गुलाबीच पडेपर्यंत.

मी म्हणालो, "मालक, रंकाळा काय गोठतोय?
लईच झालं तर अकरा-बारा."
ते म्हणाले, "यादीत हाय न्हवं?"

तर केलं.
आधी तळाचा कॉक. फिरेना.
पान्याला पाइप जोडला, गुडघा टेकला,
करकरला, मग बसला.
गाळणीचं झाकण काढलं :
केंदाळाची मुळं, विंचरलेल्या केसांच्या गुंतवळासारखी,
कुणाच्या चपलेचा लाल गोंडा,
आणि बोटाएवढी चिलापी, जिवंत.
"ही पाव्हणी एसीतच ऱ्हात हुती व्हय,"
म्हणत हिंदूरावांनी ती ओंजळीतून सोडली,
आणि हात तसाच ओला ठेवला बराच वेळ.

बादलीत लिंबूफूल कालवून तासभर फिरवलं.
आधी चिखल आला, मग चहा,
मग नुसतं पाणी.
पंप सोडवला. नळी तोंडाला लावली, फुंकलं.
जिभेवर लोखंड, शेवाळ.
पलीकडचं भोक खोकलं, आणि कोरडं झालं.

गुलाबी औषध गावात मिळालं नव्हतं.
दुकानदार हिरवं कूलंट दाखवत होता,
मी नको म्हणालो. विष ते,
उन्हाळ्यात पंप लावला की तळ्यातच जाणार.
हिंदूराव गप्प. मग पिशवीतून
गुलाबाच्या सरबताची बाटली काढली.
"मालक, मुंग्या येतील."
"दोनच झाकणं. फोनवर दाखवण्यापुरतं."

साडेपाचला फोन लावला. तिकडं सकाळ,
खिडकीमागं अजून अंधार, तिच्या हातात कप.
मी बादली तिरकी केली.
भोकातून गुलाबी धार पडली रंकाळ्यात,
पडली तिथंच विरली.
ती वाकून बघत राहिली.
"बाबा, जरा जास्तच गुलाबी झालंय," म्हणाली.
मग कुणीच काही बोललं नाही,
रंकाळ्यावरचा वारा तेवढा फोनमध्ये शिरत होता.
"छान झालं," ती म्हणाली. "स्वेटर घालता ना?"
अंगात नुसता सदरा. "घालतो की."

फोन ठेवल्यावर मी पुन्हा साधं पाणी घातलं,
पुन्हा फुंकलं. या वेळी जीभ गोड.
बिलावर काय लिहावं सुचेना,
'हिवाळी काम' लिहिलं, आणि सरबताचं झाकण
माझ्याच खिशात राहिलं.

आठ दिवसांनी फोन आला :
"दस्तगीर, आल्या रं."
गेलो. नांगराचा दोर ताणलेला,
खाली काळं पाणी, आणि दोरावरून रांगेनं मुंग्या,
धक्क्यापासून थेट मृणालपर्यंत.
झटकायला हात पुढं केला
तर त्यांनी मनगट धरलं.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले, "जातायत तर जाऊ दे."