पुनरावृत्तीचा दर

हैदराबादहून राघवेंद्रचा फोन:
मॅडम, या भागात नव्या ओळी एकशे बाराच,
बाकी जुनं फुटेज, पैसे तेवढ्याचेच.
म्हणजे आलाच तो.
दर हंगामात एकदा येतो, घरपट्टीसारखा.
कप्तान जखमी, खाटेवर,
डॉक्टरीण विचारते, आठवतंय का तुम्हाला,
की लागलीच जुन्या प्रसंगांची गोधडी.

नऊ हंगाम मी या यानाला मराठी पुरवते
रामबागेतल्या मागच्या खोलीतून,
कुकरच्या शिट्ट्या आणि कचरागाडी सांभाळून.
आता भागाच्या नावावरूनच कळतं.
तोतया कप्तान खऱ्यापेक्षा नीट भांग पाडणार.
लिफ्ट अडकली, तर आत ज्यांचं पटत नाही तेच दोघं असणार
आणि तिसाव्या मिनिटाला आपापल्या आयांबद्दल बोलणार.
आणि ती करमणुकीची खोली!
नऊ वर्षांत सहादा माणसं मरता मरता वाचली तिच्यात,
एकाही शहाण्याने कुलूप घातलं नाही.
आमचा गीझर एकदा झटका देतो
तर वायरमन येईपर्यंत बटणावर चिकटपट्टी.

एकदा सगळे लहान झाले.
एकदा सगळे म्हातारे.
एकदा कसल्याशा परागांनी सगळे एकमेकांच्या प्रेमात.
मग औषध सापडतं,
मग कुणालाच काही आठवत नाही.
मला आठवतं. माझ्याकडे फायली आहेत.

सगळ्यात वाईट तो दिवस, जो पुन्हा पुन्हा उगवतो.
"कॉफी गार झालीय" सत्तावीस वेळा.
कंपनीचं सॉफ्टवेअर पहिल्या वेळेचे पैसे देतं,
उरलेल्या सव्वीसांचं काही नाही.
तरी मी प्रत्येक ऐकलं,
न जाणो, एखादी गरम निघायची.

आजची गोधडी मी भराभर पळवत होते,
बिनपैशाचे तुकडे,
तेव्हा दिसला तो, मागच्या यंत्रापाशी.
दुसऱ्या हंगामात केस काळेभोर, पोट आत.
पाचव्यात चष्मा.
आठव्यात कानाजवळ पांढरं,
आणि एक हात टेबलाला टेकलेला, गुडघा दुखत असावा तसा.
श्रेयनामावलीत अगदी तळाशी: तंत्रज्ञ तीन.
मी त्याला मुळ्ये म्हणते.
आमच्या पाणीपट्टीच्या खिडकीत असेच एक होते,
मान वर न करता सुटे परत देणारे.
यान फुटलं, जोडलं, काळ उलटा फिरला,
मुळ्ये तिथेच.
त्यांची आठवण पुसली होती का, कुणी विचारलंच नाही.
नऊ वर्षं माझ्याही नजरेला पडले नव्हते.

नव्या ओळींतली एकशे नववी.
कप्तान उशीवरून मान वळवतो: तिकडे काही दिसतंय?
आणि मुळ्ये तोंड उघडतात.

"पाहतो आहे" लिहिलं, खोडलं.
"बघतोय" लिहिलं. फारच तरुण वाटलं.
पुण्याच्या तपासनीस, आद्याक्षरं श. ग.,
माझं "येऊन राहिलोय" दर वेळी लाल करतात.
शेरा: हे हिंदी वाटते.
वाटू दे बाई.
पणजोबा कारकुनीला इकडे आले
तेव्हापासून आम्ही असंच बोलून राहिलोय,
भांडतोही असंच, रडतोही.

कोपऱ्यावर पोह्यांच्या पातेल्याखाली शेगडी पेटली.
म्हणजे पाच.
एका ओळीसाठी इतका वेळ
मी कप्तानाच्या मरणालासुद्धा दिला नव्हता,
तो तसाही तीनदा मेलाय.

"बघून राहिलोय, साहेब."

श. ग. खोडतील. खोडोत.
खाली गाडी आली, तेच गाणं वाजवत,
मी ओल्याची बादली शोधत उठले,
आणि पडद्याच्या कोपऱ्यात सॉफ्टवेअरने
नऊ हंगामांच्या सगळ्या फायली चाळून सांगितलं:
जुळणी शून्य टक्के.
दर पूर्ण.