प्रतीक्षानगर, संक्रमण शिबिर

अर्ज भरून आज एकेचाळीस दिवस.
साइटवर हिरव्या पट्टीत तेच वाक्य:
‘आपला अर्ज विचाराधीन आहे.’
विचार कोण करतंय,
जेवायला उठतं का मध्ये,
हे कुठे लिहिलेलं नाही.

आमच्या घराला अर्जांची सवय आहे.
कपाटावर निळी फाइल, रबर दोनदा गुंडाळलेलं:
गिरगावातल्या पाडलेल्या खोलीच्या बदल्यात खोली मिळावी
म्हणून बाबांनी सोळा वर्षांत केलेले,
प्रत्येकावर जांभळी पोच.
कला महाविद्यालयाची माझी पावती
आईने त्यातच सरकवली.
‘सोबत होईल तिला,’ म्हणाली.

वीस चित्रं मागितली होती, वीस दिली.
आता ज्यांची काढली ते विचारतात.
तोंडवळकर काकूंचे सुजलेले पाय
मी मिठाच्या पाण्यात असताना काढले होते;
जिन्यात अडवतात, ‘काय गो, माझे पाय पास झाले की नाय?’
इस्त्रीवाल्या मैनुद्दीनचाचांना वाईट वाटलंय
मी नुसती पाठमोरी मान काढल्याचं.
चेहरा असता तर नंबर लागला असता, म्हणतात.
निहारचा गुडघा चित्रात अजून खरचटलेला आहे,
खरा केव्हाच भरला,
नवी खपली आता दुसऱ्या गुडघ्यावर,
आणि हे त्यांना कळवायला हवं असं त्याचं म्हणणं.
अकरावं चित्र कुकरचं.
तीन दिवस कुणाला हात लावू दिला नव्हता,
तीन दिवस आम्ही पातेल्यातला चिकट भात खाल्ला.
तो मात्र शिट्ट्या करतोय,
त्याला कशाचंच काही नाही.

बाबा बॅलार्ड इस्टेटला लिफ्टवर असतात.
एका साहेबांना विचारलं, मुलगी चित्रकला शिकू म्हणते.
दुसऱ्या मजल्यापर्यंत साहेब म्हणाले, छान आहे.
तिसऱ्यापर्यंत म्हणाले, हल्ली स्कोपही आहे.
चौथ्याला ‘पण’ म्हणाले
आणि दार उघडलं.
बाबा ते ‘पण’ डब्यासोबत घरी घेऊन आले.
आम्ही अजून ते कुठे ठेवायचं बघतोय.

मुलाखत एकोणिसाव्या दिवशी झाली.
तिघं होते. एकाने चित्रं पत्त्यांसारखी पिसली.
बाई पायांपाशी थांबल्या.
कोपऱ्यात भजीच्या तेलाचा डाग होता,
मला वाटलं डागापाशीच थांबल्या.
‘बादली अर्धीच का सोडलीस?’
रचना, अवकाश, असलं काही पाठ करून गेले होते.
तोंड उघडलं तर खरंच बाहेर पडलं:
नळाला पाणी आलं, काकू बादली घेऊन गेल्या.
तिसरे, इतका वेळ गप्प असलेले, हसले.
ते हसू कुठल्या रकान्यात धरतात,
किती मार्कांचं असतं,
यावर माझ्या सात रात्री गेल्या.

आज दुपारी पट्टी पिवळी झाली.
प्रतीक्षा यादी, क्रमांक सहा.
बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.
‘पत्ता नीट वाचला म्हणायचा त्यांनी,’ म्हणाले,
आणि आम्ही तिघं इतके हसलो
की निहार बाहेरून धावत आला.
आई मात्र हिशेबाला लागली होती.
खोलीच्या यादीत आमचा नंबर दोन हजार तीनशे अठरा.
‘सहा?’ म्हणाली. ‘सहा म्हणजे उंबऱ्यातच की गं.’

काकूंना सांगायला गेले.
त्यांनी ऐकलं, विचार केला, उठल्या,
बादली भरली, मीठ टाकलं, पाय सोडले.
‘आता पुरी काढ. मी उठणार नाय.’
माझे कागद संपले होते.
फाइलीतली एक जास्तीची झेरॉक्स आणली, दोन हजार बाराची,
मागची बाजू कोरी.
पेन्सिलीला टोक केलं.
बादलीतलं पाणी अजून हलत होतं,
ते ठरेपर्यंत थांबू म्हटलं,
पण काकू बोटं हलवतच राहिल्या.