दोन लाख चौदा हजार तीनशे सहा

सीताबर्डीत, तोलानीच्या दुकानात
त्या पोरानं माझा कॅमेरा केबलला जोडला
आणि स्क्रीनवर आकडा आला:
दोन लाख चौदा हजार तीनशे सहा.
इतक्या वेळा याचा पडदा उघडला, मिटला.
"वासेकर काका, हा तर म्हातारा झाला," तो म्हणाला,
आणि मी उगाच पोट आत घेतलं.

मग लेन्स. टॉर्च लावून, एक डोळा मिटून,
सोनार नथ पाहतो तसा पाहत राहिला.
"आत काहीतरी आहे. फंगस असेल."
फंगस नाही रे बाबा.
कळमन्याच्या मिरचीबाजारात, फेब्रुवारीत,
देठं खुडणाऱ्या बायकांचे फोटो काढत होतो.
सगळ्यांच्या तोंडाला पदर, मी एकटाच उघडा,
शिंकत, रडत, फोकस शोधत.
झिंगूबाई म्हणाली होती, "रडू नको भाऊ, फोटो हालन."
तेव्हाचा तो लाल कण,
झूम करताना आत ओढला गेलेला.
फोटोत दिसत नाही. मला दिसतो.

हे त्याला सांगितलं नाही.
त्यानं चिठ्ठीवर लिहिलं: बॉडी साडेसहा, लेन्स चार,
नव्यात वळते करून वर एकसष्ट हजार.
चिठ्ठी शनिवारपर्यंत चालेल.

नवा हातात धरून पाहिला. खोटं कशाला बोलू,
मोह झाला.
हलका, गप्प, पडदा पडल्याचा आवाजच नाही.
माणसाचा डोळा आपणहून शोधतो,
डोळा हलला की मागे मागे जातो.
माझा हा मंडपातल्या अंधारात घुर्र घुर्र करत बसतो,
तोवर नवरी हार घालून मोकळी.
मागच्या लग्नात मेडिकल चौकातली पार्टी म्हणाली,
"पुढच्या वेळी तुमच्या मुलाला पाठवा."
मला मुलगा नाही.

घरी कुंदा, कूलरमध्ये पाणी टाकता टाकता:
"काहून ठेवता हे डबडं? टाका न देऊन."
मग थोड्या वेळानं, खस ओली झाल्यावर,
"अन् पट्टाही देसान का त्याच्यासंगं?"
पट्टा तिनं शिवलेला, जुन्या जीन्सचा,
माझ्या मानेला घामोळं येतं म्हणून.
पट्ट्याचे पैसे चिठ्ठीत नाहीत.

खरी अडचण वेगळीच, ती कोणाला सांगता येत नाही.
हा पहिल्यापासून उजेड चुकीचा मोजतो,
फोटो जरा काळसर काढतो.
माझा अंगठा चाक दोन टिचक्या फिरवतो,
सोळा वर्षं, मला न विचारता.
नवा बरोबर मोजेल.
मग बरोबर मोजणाऱ्यापुढे
माझा अंगठा दोन टिचक्यांनी चुकेल.
त्याची अदलाबदल कुठल्या दुकानात होते?

रात्री मोजायला बसलो: एवढ्या लाखांतले
न बघता आठवतात असे किती?
झिंगूबाई.
कन्यादानाच्या वेळी घड्याळ बघणारा बाप.
वरात सोडून फुटाळ्याच्या काठावर बसलेला बँडवाला,
मांडीवर क्लॅरिनेट, बूट बाजूला.
एकोणतीस झाले, मग झोप लागली.
बाकीचे हार्डडिस्कांत आहेत, लोकांच्या कपाटांत आहेत.
ते काढताना मी कुठे होतो कोण जाणे.

आज शनिवार.
बारा वाजलेत, बाहेर पंचेचाळीस,
बर्डीला जायचं तर डोक्याला दुपट्टा बांधावा लागेल.
बॅटरीच्या सैल झाकणावरचा रबरबँड
उन्हानं चिरलेला दिसला,
ड्रॉवरमधून नवा काढून लावला.
विकायची वस्तू नीटनेटकी न्यावी.
मग चालू होतो का बघायला
कुंदाकडे वळवून एकदा दाबलं.
"डोळे मिटले माहे," ती म्हणाली.
थांब, म्हणेपर्यंत
अंगठा फिरला होता.